पिस्टन रायफलींची टिकाऊपणा-चाचणी : पार्श्वभूमी आणि ‘अडथळा’ या शब्दाचा घोळ

जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ ही ७.६२ मिमीची देशी रायफल पुण्यात जाहीरपणे दाखवण्यात आली, तेव्हा बातम्यांमध्ये वजन आले (चार किलोंच्या आत) आणि पल्ला आला (पाचशे मीटर). पाषाण, खडकी, देहूरोड या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांच्या आणि दारूगोळ्याच्या कामात असलेल्या घरांमध्ये अशा वेळी निघणारा प्रश्न वेगळा असतो : किती फैऱ्यांनंतर ती कुरकुरायला लागेल? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देण्याची सवय जगभर आहे, आणि तो आकडा कसा तयार होतो हे फारसे कोणी विचारत नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. फैर झाडल्यावर जळत्या दारूचा जो गॅस तयार होतो, त्याच्याच जोरावर अशा रायफलींची यंत्रणा चालते. १९३६ मध्ये अमेरिकेने स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीत सुरुवातीला नळीच्या तोंडाशी गॅस अडवण्याची रचना होती. काजळी आणि जोडांचा ढिलेपणा यांमुळे ती काही वर्षांतच सोडून नळीलाच भोक पाडण्याचा सरळ मार्ग घेतला गेला. दीर्घकाळ वापरल्यावरच उघड होणारा दोष स्वीकृतीच्या आधी हाती लागत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आपल्याकडची खरी कथा १९६२ च्या युद्धानंतर सुरू होते. मूळच्या बेल्जियन रचनेवर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ७.६२ मिमीची एसएलआर ही चापाच्या एका दाबाला एकच फैर झाडणारी, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफल होती, आणि तिने तीन दशके जवानांच्या खांद्यावर काढली. गॅसच्या धक्क्याने सरकून यंत्रणेला मागे ढकलतो तो पिस्टन. शालेय पुस्तकातला ‘दट्ट्या’ हा शब्द कारखान्यात कोणी उच्चारत नाही, म्हणून इथेही पिस्टन असेच म्हणू. एसएलआरचा पिस्टन आखूड धावेचा आहे : बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) वाहून नेणाऱ्या बोल्ट कॅरिअरला एक टोला देऊन तो स्वतःच्या स्प्रिंगने जागेवर परततो. पुढचे झाकण, म्हणजे गॅस प्लग, काढून हा पिस्टन हातात घेतला की डोक्याभोवती काजळीचे कडक कडे दिसते, नखाने खरवडले तर निघत नाही असे. त्याच्या मागच्या दांड्यावर मात्र फारसा डाग नसतो, आणि या रचनेची सगळी कीर्ती त्या स्वच्छ दांड्यावर उभी आहे.

तिच्या गॅस रेग्युलेटरकडे, म्हणजे पिस्टनपर्यंत किती गॅस पोहोचावा हे ठरवणाऱ्या भागाकडे, टिकाऊपणाच्या दृष्टीने जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. रेग्युलेटर उघडा ठेवून सुरुवात करायची, जादा गॅस बाहेर जाऊ द्यायचा, रायफल नीट चालेपर्यंत तो एकेक खाच बंद करत न्यायचा आणि वर आणखी दोन खाचा द्यायच्या, अशी त्याची रीत. काजळी साचली की गॅस कमी पडतो. उलट हजारो फैऱ्यांनंतर नळीतले गॅसचे भोक झिजून मोठे होते आणि गॅस जास्त येतो. जास्त गॅस म्हणजे जास्त वेगाने मागे जाणारा बोल्ट, आणि त्यातून तुटणारे एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारे हूक) व दमणाऱ्या स्प्रिंगा. रेग्युलेटर हे दोन्ही बदल सांभाळून घेतो, त्यामुळे रायफल वयस्क झाल्याचे चालवणाऱ्याला कळत नाही. चाचणीच्या नोंदवहीत फक्त फैऱ्या लिहिल्या आणि खाच लिहिली नाही, तर झीज वहीत उतरतच नाही.

पाषाणला विकसित झालेली ५.५६ मिमीची इन्सास १९९० च्या दशकात सैन्यात आली. तिचा पिस्टन कलाश्निकोव्हसारखा लांब धावेचा, कॅरिअरला जोडलेला. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तक्रारी आल्या, त्यांत सर्वांत जास्त बोलली गेलेली तक्रार पिस्टनची नव्हती, नळीचीही नव्हती. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची वीस फैऱ्यांची मॅगझिने, म्हणजे रायफलीला लागणाऱ्या काडतुसांच्या पेट्या, तडकत होती. २००५ मध्ये नेपाळी सैन्यानेही एका लांबलेल्या चकमकीत ही रायफल अडल्याची तक्रार केली, आणि वापर व निगा बरोबर नसावी असे उत्तर भारताच्या बाजूने गेले. रायफलीतला दोष, माणसाची चूक की मॅगझिनची कमजोरी, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. इन्सासवर झालेल्या टीकेतली बरीचशी टीका योग्य होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण ती टीका सरसकट ‘यंत्रणा निकामी’ या शब्दांत झाली, हे चुकले.

इथे ‘अडथळा’ या शब्दाशी थांबणे भाग आहे. पुंगळी अडकून दोन सेकंदांत हाताने मोकळी झाली तर तो अडथळा. बोल्टला चीर गेली तर तो बिघाड. नळीची झीज होऊन गोळ्या पसरू लागल्या तर त्याला आयुष्य संपले म्हणतात, जरी रायफल एकदाही अडलेली नसली तरी. मराठी बातम्यांत या तिन्हींना ‘जाम’ हा एकच शब्द पुरतो. खुद्द चाचणी घेणाऱ्यांमध्येही मॅगझिनमुळे आलेला अडथळा रायफलीच्या खात्यावर टाकायचा की नाही, यावर एकमत नसते.

या वादाचे उघड झालेले सर्वांत चांगले उदाहरण अमेरिकेतले आहे. २००७ च्या उत्तरार्धात तिथे चार कार्बाइनींची (आखूड रायफलींची) धूळचाचणी झाली. प्रत्येकीच्या दहा प्रती आणि प्रत्येक प्रतीतून सहा हजार फैऱ्या, म्हणजे एकेका प्रकाराच्या साठ हजार. अर्धा तास धुळीच्या पेटीत ठेवायचे, १२० फैऱ्या झाडायच्या, पुन्हा पेटीत. ६०० फैऱ्यांनी पुसून तेल, १२०० ला पूर्ण सफाई. गॅस थेट बोल्ट कॅरिअरमध्ये सोडणारी एम-४ ८८२ वेळा अडली. पिस्टनच्या तिघींचे आकडे २३३, २२६ आणि १२७ होते. बातमी झाली ती एवढ्याचीच, आणि पिस्टनचा विजय म्हणून झाली.

मात्र त्या ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनचे होते. ते वगळले तर साधारण ६८ फैऱ्यांमागे एक अडथळा हे प्रमाण ९३ फैऱ्यांमागे एक इतके सुधारते. शिवाय त्याच वर्षी उन्हाळ्यात तशाच चाचणीत याच एम-४ चे अडथळे ३०७ होते. शस्त्र तेच, धूळ तीच, आकडा जवळजवळ तिप्पट. बचाव करणाऱ्यांनी टक्केवारी पुढे केली : साडेअठ्ठ्याण्णव टक्के फैऱ्या विनातक्रार गेल्या. गणित बरोबर आहे, पण तीस फैऱ्यांचे मॅगझिन धरले तर सरासरी दर दोन-सव्वादोन मॅगझिनांमागे एकदा शस्त्र अडते, असे तोच आकडा सांगतो. मॅगझिन वगळण्याचा निर्णय प्रस्तुत लेखकाला पटत नाही, कारण जवान मॅगझिन काढून ठेवून लढत नाही. मात्र दोन्ही आकडे वेगवेगळे छापायला हवेत.

पिस्टन बसवला की टिकाऊपणा आपोआप येतो, हा समज त्या बातमीनंतर पक्का झाला. वास्तविक मूळच्या थेट-गॅस रचनेवर नंतर पिस्टन बसवलेल्या काही रायफलींत नवीनच झीज दिसली. पिस्टनचा टोला कॅरिअरच्या मध्यरेषेच्या वर बसतो, कॅरिअरची शेपटी खाली दबते आणि मागच्या नळकांड्याच्या तोंडाशी घासून धातूवर ओरखडे उठवते. चारशे-पाचशे फैऱ्यांच्या प्रात्यक्षिकात हे नजरेत भरत नाही.

दारूचा मुद्दा त्याहून अवघड. १९६० च्या दशकात एम-१६ च्या काडतुसातली दारू बदलली गेली, चेंबरला (नळीच्या ज्या भागात काडतूस बसते त्याला) क्रोमचा मुलामा नव्हता, आणि व्हिएतनाममध्ये त्याची किंमत मोजावी लागली. पहिल्या चाचण्या वेगळ्या दारूवर झाल्या होत्या. १८६९ पासून लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याशी नाते असलेल्या खडकीत हे कोणाला समजावून सांगावे लागू नये : फैऱ्यांची संख्या लिहिताना काडतुसांचा लॉट, म्हणजे ती कोणत्या खेपेतली, हे लिहिले नाही, तर ती नोंद अपुरी राहते. दहा हजार फैऱ्या तीन दिवसांत झाडल्या की तीन महिन्यांत, हेही तितकेच महत्त्वाचे, कारण नळीला फैऱ्यांइतकीच उष्णता खाते.

अलीकडची भर मोठी आहे. २०१९ मध्ये आखूड धावेच्या पिस्टनच्या ७२,४०० अमेरिकन एसआयजी-७१६ मागवल्या गेल्या. २०२१ च्या करारानुसार अमेठीजवळ कोरवाला सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनायच्या आहेत, त्या लांब धावेच्या. अशा लष्करी बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) रायफली आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. अमेरिकेत भाड्याने शस्त्र देणाऱ्या रेंजवर एकेका रायफलीतून हजारो फैऱ्या जातात आणि तुटलेल्या भागांची यादी बाहेर येते. आपल्याकडे ती फायलीत राहते. निदान त्या फायलीत प्रत्येक मॅगझिनला स्वतंत्र क्रमांक घालून, अडथळ्याच्या रकान्यात फैरीच्या आकड्याशेजारी तो क्रमांक, काडतुसांचा लॉट आणि रेग्युलेटरची खाच लिहिली गेली, तर इन्सासच्या वेळी झाला तो वाद या रायफलींच्या बाबतीत नोंदवही उघडून सोडवता येईल.