बांधलेले हात आणि तुंबलेली लघवी

खानापूर भागातला ऐंशीचा आज्जा, मांडीचं हाड मोडून बेळगावात ॲडमिट. ऑपरेशन नीट होतं, पण दुसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो, मेलेल्या भावाला हाका मारतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, उशाखाली लिंबू येतं. वॉर्डात बँडेजनं मनगटं कॉटला बांधतात. लिंबानं निदान इजा तरी होत नाही.

हे वेड नव्हे, डिलिरियम, म्हणजे आजारपणात मेंदू अचानक गोंधळणं. जंतुसंसर्ग, उतरलेलं सोडियम, वेदना, मोडलेली झोप, कशानंही होतो. पण मला भारी वाटतं ते ॲसिटिलकोलीन, मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं रसायन. मेंदूत लक्ष टिकवायला तेच लागतं आणि मूत्राशयाचा स्नायू आकसायलाही तेच. मेंदूत त्याचे निरोप झेलणारे रिसेप्टर मुख्यतः एम-1 जातीचे, मूत्राशय आकसवणारे एम-3. सर्दीच्या जुन्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन दोन्ही अडवतं. म्हातारपणी मेंदूची शिल्लक बेताची, त्यात प्रोस्टेट वाढलेलं. मग भ्रम आणि लघवी तुंबणं एकदमच. ओटीपोट तटतटतं, सांगता येत नाही, म्हणून आज्जा उठायला धडपडतो. आपण हात बांधतो. भीतीनं सिम्पॅथेटिक, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणारे, मज्जातंतू चेकाळतात. ते मूत्राशयाचा स्नायू सैल सोडतात आणि त्याची मान आवळतात, म्हणजे लघवी आणखी अडते, धडपड आणखी वाढते. मग कोणीतरी पायही बांधतं.

तेव्हा आधी ओटीपोट तपासून घ्यावं, लघवीची नळी असेल तर ती तुंबली नाही ना बघावं, गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. घरी राहिलेला चष्मा आणि कानाचं यंत्र आणावं. रात्रपाळीची सिस्टर कन्नड बोलणारी आणि आज्जाला मराठीच येत असेल, तर घरचं माणूस उशाशी हवंच.

श्वासाची नळीच उपटत असेल आणि दुसरं काही चालत नसेल, तर बांधावं लागतं. तेही डॉक्टरांच्या लेखी आदेशानं, थोडाच वेळ. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, गाठ एका ओढीत सुटावी. पट्टा कॉटच्या सांगाड्याला बांधावा. कठड्याला बांधला तर कठडा खाली करताना हात हिसकला जातो. बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच सोडायचं.

मानसोपचार केंद्रांसाठी 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात साखळदंडाला पूर्ण बंदी. शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसं कमी म्हणून बांधता येत नाही, आणि बांधलं तर 24 तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला कळवावं लागतं. हाडांच्या वॉर्डात तर प्रतिनिधी कॉटशेजारीच स्टुलावर बसलेला असतो. का बांधलं आणि कधी सोडणार, एवढं त्यानं खुशाल विचारावं.