रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा : सेन्सर कुठे बसवाल, अर्थ कुठे द्याल

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३ अंशांवर गेला की रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीप हमखास दिसतात. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५ चा. हवा ४३ झाली की उरतो ४७ चा. म्हणजे रेडिएटर तोच, वारा तेवढाच, पण काम २८ टक्क्यांनी घटलं. पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असेल, तर रेडिएटरच्या जाळीपर्यंत येणारी हवा आणखी तापलेली असते.

बेल्टवरचा जुना पंखा इंजिनच्या गतीला बांधलेला असतो. रेल्वे फाटकाशी किंवा वरातीमागे गाडी ७००-८०० आरपीएमवर खोळंबते, तेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा असतो आणि नेमका पंखा मंद फिरत असतो. हायवेवर समोरून येणारी हवाच पुरते, तरी तो जोरात फिरतो आणि ताकद खातो. गती दुप्पट झाली की ही ताकद आठपट लागते. इलेक्ट्रिक पंखा हवा तेव्हाच फिरतो. पण भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा घाट रोज चढायचा असेल, तर जुना पंखा काढू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि तिथे बेल्टचा पंखा खरंच चांगला चालतो. अशा गाडीला इलेक्ट्रिक पंखा जोडीला द्यावा.

मध्यम गाडीला १२ व्होल्टचा १४ इंची पंखा पुरतो. तो साधारण १० ते १५ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर दोन-तीनपट. इंजिनच्या बाजूने, हवा ओढणारा बसवावा आणि भोवती पत्र्याचं आवरण द्यावं; आवरण नसेल तर पंख्यासमोरचा गोल तेवढा थंड होतो, कोपरे गरमच राहतात. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधायची पद्धत सर्रास दिसते. ती चुकीची आहे. हादऱ्यांनी नळ्या घासतात आणि काही महिन्यांत कूलंट गळू लागतं. धातूच्या दोन पट्ट्यांची चौकट करून ती रेडिएटरच्या मूळ बोल्टांवर धरावी. जुना पंखा काढल्यावर पुलीचे तेच बोल्ट पंख्याच्या जाडीइतके लांब पडतात, तळाला टेकतात आणि पुली ढिली राहते. तिथे आखूड बोल्ट किंवा वॉशर घालावेत.

आता पंखा कधी सुरू-बंद व्हायचा हे ठरवणारा सेन्सर. बाजारात दोन प्रकार मिळतात. थर्मोस्विचमध्ये दोन धातूंची चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती टक्कन उलटते आणि सर्किट जोडते. दुसऱ्या प्रकारात तापमान वाढलं की विजेला होणारा रोध घटतो: बऱ्याच सेन्सरमध्ये २० अंशांना सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास. हा काटा दाखवायला किंवा कंट्रोलरला लागतो, रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) थेट जोडता येत नाही. जीपसाठी आम्ही थर्मोस्विचच सुचवू.

थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ अंशांचा असेल, तर वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) ९२-९५ ला सुरू आणि ८५-८७ ला बंद होणारा स्विच घ्यावा. ८२ ला सुरू होणारा घेतला, तर पंखा थांबणारच नाही, कारण तेवढं तापमान इंजिन स्वतःच राखतं. रेडिएटरच्या खालच्या टाकीत पाणी थंड होऊन आलेलं असतं; तिथे ५-१० अंशांनी कमी आकड्याचा स्विच लागतो. बसवण्याआधी स्विच पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून मीटरने तपासावा. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे ९९ चा स्विच पातेल्यात जुळला नाही, तर तो खराब समजू नये.

वरचा होज कापून त्यात सेन्सरसाठी ॲल्युमिनियमचा जोड टाकतात. इथे एक चूक वारंवार होते. एका वायरचा स्विच आपल्या धातूच्या अंगातून अर्थ (बॅटरीच्या मायनसशी जोडणी) घेतो, आणि तो जोड दोन्हीकडून रबरात अडकलेला असतो. अर्थच मिळत नाही. पंखा सुरू होत नाही आणि दोष स्विचवर ढकलला जातो. जोडाला स्क्रूने वायर लावून ती थेट इंजिन ब्लॉकला न्यावी. इंजिनमध्येच बसवत असाल, तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवू नका. त्यानेही अर्थ तुटतो.

पंख्याचा करंट थर्मोस्विचमधून कधीच जाऊ देऊ नये, संपर्क जळतात. ४० अँपिअरचा रिले घ्या: बॅटरीवरून ३० अँपिअर फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून पंखा, ८६ ला इग्निशनचा सप्लाय, ८५ थर्मोस्विचमार्गे अर्थला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. डॅशबोर्डवरचा हाती स्विच थर्मोस्विचला समांतर जोडला, की सेन्सर बिघडला तरी घरापर्यंत येता येतं. वायर ४ चौ. मिमी तांब्याची. जाऊन-येऊन चार मीटरला १५ अँपिअरवर ती पाव व्होल्टच्या आसपास खाते, १ चौ. मिमीची वायर एक व्होल्टहून जास्त खाते आणि स्वतःही तापते. अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंगावर बसवू नये, पत्रा चकचकीत खरवडून मग बोल्ट आवळावा.

पंखा लागला की जाळीच्या पुढे कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर प्लस-मायनस उलटं झालंय. मग हेडलाइट आणि पंखा दोन्ही लावून बॅटरीवर मीटर धरा. रिकाम्या गतीला १३ व्होल्टच्या खाली गेलं, तर अल्टरनेटर कमी पडतोय.

कूलंट भरताना बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार नळ्यांना आतून चिकटतात आणि मग कितीही मोठा पंखा लावला तरी उष्णता बाहेर येत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण चालू करून, थर्मोस्टॅट आपोआप उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत गाडी चालू ठेवा. सेन्सरभोवती हवा अडकली, तर पाणी उकळतं तरी स्विचला कळत नाही. मग झाकण लावून पंखा दोनदा सुरू-बंद होऊ द्या. पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, गरम झाकणाला हात लावू नका: ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढेही द्रव राहतं आणि झाकण फिरताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.