घराच्या विम्याचा हप्ता इथवर कसा आला

विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस हातात पडली की मालक पहिला प्रश्न विचारतो तो हप्त्याचा. वर्षभरात एकही दावा केला नाही, मग रक्कम एवढी का वाढली? हप्ता म्हणजे दर गुणिले विमा रक्कम, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढी भरपाई देईल तो आकडा. बांधकाम महागलं म्हणून विमा रक्कम १० टक्क्यांनी वाढली आणि पुनर्विमा (विमा कंपन्यांनी काढलेला स्वतःचा विमा) महागला म्हणून दर १५ टक्क्यांनी वाढला, तर हप्ता २५ नव्हे, २६.५ टक्क्यांनी चढतो. हे दोन आकडे वेगवेगळ्या कारणांनी हलतात आणि ती कारणं बरीच जुनी आहेत.

२ सप्टेंबर १६६६ला लंडनमध्ये आग लागली आणि चार-पाच दिवसांत १३ हजारांहून जास्त घरं भस्मसात झाली. त्यानंतर १६८०च्या सुमारास निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकानं घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट दर होता. जोखीम पाहून दर ठरवण्याची आजची रीत तेव्हापासूनची. त्या काळच्या विम्यात एक मोठी उणीव मात्र होती. विमा घेतलेली सगळी घरं एकाच शहरातली असत. शहर पेटलं की विमा देणाराही बुडायचा. १८४२ला हॅम्बुर्ग आणि १८६१ला स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस जळालं, तेव्हा हे पुन्हा दिसलं. विमा कंपन्यांनीच स्वतःचा विमा काढावा, यासाठी खास पुनर्विमा कंपन्या निघाल्या. झुरिकची स्विस री १८६३मधली. १८७१च्या शिकागोच्या आगीत कित्येक स्थानिक कंपन्या बुडाल्या आणि जोखीम दूरवर वाटून देणं किती गरजेचं आहे ते पक्कं झालं. दूरच्या देशातल्या वादळाचा भार आपल्या हप्त्यात येतो, तो याच वाटणीमुळे. अन्याय वाटतो खरा, पण ही वाटणी नसती तर मोठ्या आगीनंतर दावे भागवायला कोणी उरलंच नसतं.

महागाईचा धागा वेगळा आहे. सुरुवातीच्या विम्यात भरपाई घसारा वजा करून मिळे. वीस वर्षं जुनं छप्पर जळालं तर हातात येणाऱ्या पैशात निम्मंही नवं छप्पर होत नसे. विसाव्या शतकात ‘जुन्याच्या जागी नवं’ या तत्त्वावरचे विमे रूढ झाले. मालकाची मोठी सोय झाली, पण भाववाढीचा धोका विमा कंपनीकडे सरकला: हप्ता आजच्या भावानं घ्यायचा आणि काम होईल त्या दिवसाच्या भावानं पैसे द्यायचे. १९७३च्या तेलसंकटानंतर भाव भडकले, तेव्हा ही फट किती रुंद आहे ते कळलं. त्या दशकापासून विमा रक्कम दरवर्षी भाववाढीच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढवण्याची तरतूद पसरत गेली. आज नूतनीकरणाच्या कागदावर न मागता वाढलेली विमा रक्कम दिसते, ती बहुधा याच तरतुदीमुळे.

कंपन्यांच्या हातात आणखी एक शस्त्र आधीपासून होतं: सागरी विम्यातून आलेला सरासरीचा नियम, म्हणजेच ॲव्हरेज क्लॉज. तो सगळ्याच देशांत आणि सगळ्याच पॉलिसींत सारखा लागू होत नाही, पण जिथे आहे तिथे मालकाचं सर्वांत जास्त नुकसान हाच करतो. समजा, घर पुन्हा बांधायला १०० लागत होते, तेव्हा १०० चा विमा काढला आणि पाच वर्षं त्याकडे पाहिलंच नाही. बांधकामाचा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला, तर आज तेच घर बांधायला १४७ लागतील. म्हणजे विमा ६८ टक्क्यांचाच उरला. आता स्वयंपाकघराला आग लागून २० चं नुकसान झालं. विमा १०० चा आणि नुकसान २० चं, म्हणजे पूर्ण पैसे मिळतील, असं मालक धरून चालतो. सर्व्हेअर मात्र २० गुणिले १०० भागिले १४७ असा हिशेब मांडतो आणि हातात येतात १३.६, त्यातूनही वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकानं स्वतः सोसायचा वाटा, जाते. दावा नाकारलेला नसतो. प्रत्येक वस्तूचे पैसे त्याच प्रमाणात कमी होतात.

दर ठरवण्याची आधुनिक पद्धत एका चक्रीवादळानंतर बदलली. २४ ऑगस्ट १९९२ला अँड्र्यू दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. गेल्या काही वर्षांच्या दाव्यांची सरासरी काढून दर ठरवण्याची तोवरची रीत तिथे पार कोसळली, कारण त्या वर्षांत एवढं मोठं वादळ झालंच नव्हतं. कॅरेन क्लार्क यांच्या १९८७मध्ये स्थापन झालेल्या कंपनीनं संगणकीय प्रारूपावरून काही तासांत १३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसानीचा अंदाज दिला, तेव्हा विमाक्षेत्रात फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. प्रत्यक्ष विमा नुकसान सुमारे १५ अब्जांवर गेलं आणि अनेक कंपन्या दिवाळखोर झाल्या. पुढे अशी आपत्ती-प्रारूपं सर्रास वापरात आली, बर्म्युडात नव्या पुनर्विमा कंपन्या उभ्या राहिल्या, फ्लोरिडात २००२पासून राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. वादळासाठी टक्क्यांतली वजावटही तेव्हापासून रुळली. विमा रकमेच्या २ किंवा ५ टक्के नुकसान मालकानं सोसायचं, त्यावरचं कंपनीनं.

एखाद्या भागात हजारो घरं एकदम पडली की गवंडी, सुतार, सिमेंट, छपराचं सामान सगळ्याचीच ओढाताण होते आणि भाव वर जातात. ही मागणीची उसळी विमा रकमेच्या साध्या हिशेबात धरलेली नसते. ३० डिसेंबर २०२१ला कोलोरॅडोतल्या बोल्डर कौंटीत वाऱ्यानं भडकलेल्या वणव्यात एक हजाराहून जास्त घरं गेली. राज्याच्या विमा विभागानं तपासलं, तेव्हा बऱ्याच घरांचा विमा पुनर्बांधणीच्या खर्चाला पुरणारा नव्हता असं निघालं. नियमित हप्ते भरणाऱ्या कुटुंबांवर ही वेळ आली, हे मनाला लागतं.

त्या वर्षी भाव आधीच चढलेले होते. मे २०२१मध्ये अमेरिकी वायदेबाजारात इमारती लाकूड हजार बोर्ड फुटांना १,६०० डॉलरच्या वर गेलं होतं, कोविडच्या साथीआधीच्या सुमारे चौपट. जून २०२२मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधली ११.१ टक्क्यांवर पोहोचली. जानेवारी २०२१ला विकलेल्या पॉलिसीचा दर २०२०च्या भावांवर बेतलेला. आग नोव्हेंबरात लागली, तर कंत्राटदाराची बिलं २०२२ची. हा तोटा कंपनीनं सोसला आणि पुढच्या नूतनीकरणात वसूल करायला घेतला. त्यातच २८ सप्टेंबर २०२२ला फ्लोरिडात इयन चक्रीवादळ आलं. १ जानेवारी २०२३च्या नूतनीकरणात पुनर्विमा कंपन्यांनी दर वाढवले, शिवाय त्यांची जबाबदारी जिथून सुरू होते ती पातळीही वर नेली. परिणामी गारपीट, स्थानिक पूर यांसारख्या मध्यम आपत्तींचा भार मूळ विमा कंपनीवर आणि तिच्यामार्फत मालकावर आला.

सरकारनं दर दाबून धरले तर मालक सुटतो का? कॅलिफोर्नियात १९८८च्या ‘प्रस्ताव १०३’ या कायद्यानुसार दरवाढीला आधी मंजुरी लागते, आणि वणव्यांचा दर पूर्वीच्या दाव्यांच्या दीर्घ सरासरीवर धरावा लागे. हप्ते वाढले ते सावकाश, पण २०२३पर्यंत मोठ्या कंपन्या नव्या घरांचा विमा उतरवेनाशा झाल्या आणि मालकांना अखेरचा आधार म्हणून असलेल्या योजनेकडे जावं लागलं. तिथे संरक्षण तोकडं आणि हप्ता चढा. २०२४च्या अखेरीस तिथे आपत्ती-प्रारूपं आणि पुनर्विम्याचा खर्च दरात धरायला परवानगी मिळाली. त्याचा परिणाम दिसायच्या आतच जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसचे वणवे पेटले.

पुढे काय? पुनर्विम्याचे दर २०२५पासून नरमले आहेत. ही नरमाई मालकाच्या कागदावर उतरायला साधारण एक ते दोन वर्षं लागतात. मात्र महागाई कमी झाली म्हणजे बांधकाम स्वस्त झालं असं नव्हे; भाव वाढण्याचा वेग कमी झाला, एवढंच. म्हणून दर घसरला तरी विमा रक्कम वाढत राहील, आणि हप्ता फार तर थांबेल. भाड्याच्या इमारतींना याचा फटका किमतीतही बसतो: गुंतवणूकदार ५ टक्के परतावा धरून किंमत लावत असेल, तर वर्षाला १ चा जादा हप्ता इमारतीची किंमत २० ने खाली आणतो.

विमा रक्कम ठरवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. बाजारभाव धरला तर जमिनीचाही विमा होतो आणि हप्ता वाया जातो. कर्जाची बाकी धरली तर ती दरवर्षी घटते आणि बांधकामाचा खर्च वाढतो. खरा हिशेब असा: बांधलेलं क्षेत्रफळ गुणिले त्या दर्जाच्या बांधकामाचा आजचा दर, त्यात मलबा हटवणं, वास्तुविशारद आणि अभियंत्याची फी, कर, आणि जुनं घर नव्या बांधकाम नियमांत बसवण्याचा खर्च. शेवटचा घटक बऱ्याच पॉलिसींत वेगळा मागून घ्यावा लागतो. खोली वाढवली, स्वयंपाकघर नव्यानं केलं, तर त्याच महिन्यात कळवावं. गृहनिर्माण संस्थेचा सामाईक विमा असेल तर तो भिंतींपर्यंतच आहे की आतल्या फरशी-फर्निचरपर्यंत, हे लेखी घ्यावं.

हप्ता कमी करायचा म्हणून विमा रक्कम छाटण्यापेक्षा वजावट वाढवणं बरं, कारण रक्कम छाटली की सरासरीचा नियम छोट्या दाव्यालाही लागतो. फक्त वजावट टक्क्यांत आहे का, ते पाहून घ्यावं. १०० च्या विम्यावर ५ टक्के म्हणजे ५. विमा १४७ झाला की तीच वजावट ७.३५ होते, आणि तेवढी रक्कम बाजूला काढलेली असावी लागते.