घाट उतरलेले पाणी आणि ते पुन्हा चढवण्याचा हिशेब

कोकणात वाहून जाणारे पाणी गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात आणायचे म्हटले की दोन शब्द कानावर येतात: प्रवाही वळण आणि उपसा वळण. पहिल्यात घाटमाथ्यावरच बांध घालून पाणी उताराने पूर्वेला फिरवतात. वीज लागत नाही, पण पाणीही बेताचेच मिळते. दुसऱ्यात ते खालच्या धरणातून पंपांनी वर चढवायचे असते. पाणी भरपूर, बिलही भरपूर. या निवडीमागचा पेच समजायला शंभरेक वर्षे मागे जावे लागते, कारण त्या काळी याच घाटातून पाणी उलट्या दिशेने सोडले गेले.

१९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या आसपास अडवलेले, एरवी भीमेतून कृष्णेला मिळाले असते असे पाणी नळांतून घाटाखाली सोडले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे टाटांचेच मुळशी धरण. तिथे १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. लढा बुडणाऱ्या जमिनींचा होता. १९६०च्या दशकात कोयनाही याच वाटेने गेली. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६च्या निवाड्यात कोयनेच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. वीज काढून झाल्यावर उरणारे ते अवजल वाशिष्ठीतून समुद्राला मिळते.

देशाच्या पातळीवर मात्र नद्या जोडण्याचे पर्याय मुख्यतः पाणी किती चढवावे लागते यावर तोलले गेले. तेव्हाचे केंद्रीय पाटबंधारे मंत्री के. एल. राव यांनी १९७२ मध्ये गंगा-कावेरी जोडकालवा सुचवला. पाटण्याजवळून ६०,००० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी उचलायचे, त्यातले ५०,००० क्युसेक ५४९ मीटर चढवायचे, कालव्याची लांबी २,६४० किलोमीटर. एवढ्या उपशाला ५,००० ते ७,००० मेगावॉट वीज लागली असती, शिवाय खर्चाचा अंदाजही फार तोकडा निघाला. १९७७ मध्ये कॅप्टन दस्तूर यांचा माळेसारखा कालवा आला: हिमालयाच्या पायथ्याने ४,२०० किलोमीटर आणि द्वीपकल्पाभोवती ९,३०० किलोमीटर. नकाशावर देखणा, पण तज्ज्ञांनी तो तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरवला. नदीजोडाच्या १९८०च्या राष्ट्रीय आराखड्याने धडा घेतला. पाणी शक्यतो उतारानेच न्यायचे, उपसा झालाच तर १२० मीटरच्या आत, असे त्यात ठरले. १९८२ मध्ये राष्ट्रीय जलविकास अभिकरण स्थापन झाले आणि पुढची तपासणी त्याच्याकडे गेली.

आता तेच माप सह्याद्रीला लावून पाहू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ते ५०० मीटर खाली सोडले, तर यंत्रांतली घट धरून साधारण सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. तेवढेच पाणी तेवढेच वर चढवायला पावणेपाच कोटी युनिट लागतात. म्हणजे उतरवण्यात मिळवले त्याहून दीडपट चढवण्यात जाते, आणि धरणे, बोगदे, पंपगृहे यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

म्हणून तिसरा पर्याय दुर्लक्षित राहतो याचे मला नवल वाटते: जे खाली सोडतो, त्यातले काही सोडूच नये. टाटांच्या धरणांचे पाणी भीमा खोऱ्याला द्यावे ही मागणी जुनीच आहे. त्यासाठी दर टीएमसीमागे सव्वातीन कोटी युनिट विजेला मुकावे लागेल आणि ती वीज दुसरीकडून आणावी लागेल. मुंबईची संध्याकाळची वाढती मागणी भागवायला जलविद्युत झटकन चालू करता येते, तो फायदाही हिशेबात धरावा लागेल. शिवाय भीमेतले पाणी जायकवाडीत आपोआप पोचत नाही. गोदावरी खोऱ्याची तूट त्याने मिटणार नाही. पण उजनीच्या खालच्या शिवारासाठी हा पर्याय उपशापेक्षा स्वस्त पडतो की नाही, हे मांडायला सुरुवात म्हणून वरचे दोन आकडे पुरतात.