अवघड पियानो रचनांचा रियाज

पाश्चात्य क्लासिकल संगीतातल्या कठीण पियानो रचना हाताला बसेपर्यंत जी मेहनत घ्यावी लागते ती म्हणजे हा रियाज. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळा खेळ बोटं पळवण्याचा आहे, प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ जातो तो नेमकं कुठे अडतंय हे शोधण्यात. पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या नि ३६ काळ्या. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती दाबायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं, म्हणजे ताकदीचा प्रश्न फारसा नाहीच, लहान मूलसुद्धा ती दाबू शकतं. अवघड असतं ते एका पट्टीवरून दुसरीवर वेळेत पोचणं, बरोबर बोटाने पोचणं, आवाज हवा तेवढाच काढणं, आणि हे सगळं चालू असताना दुसऱ्या हाताने भलतंच काहीतरी वाजवत राहणं.

पियानो फ्लॉरेन्सच्या क्रिस्टोफोरीने १७०० च्या सुमाराला बनवला, पण आज आपण ज्याला अवघड म्हणतो ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं, आणि त्यात वाद्य सुधारल्याचा मोठा वाटा आहे. १८२१ मध्ये एरार कंपनीने डबल एस्केपमेंट नावाच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्याने झालं काय, की पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच परत दाबली तरी सूर वाजायला लागला, त्यामुळे एकच सूर भराभर वाजवता येऊ लागला आणि लिस्टसारख्या पियानिस्ट-रचनाकारांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. उभ्या पियानोत सहसा ही सोय नसते, म्हणून घरी उभ्या पियानोवर तेच ते सूर गाळले जात असतील तर प्रत्येक वेळी दोष आपल्या बोटांचाच असेल असं नाही!

नुसत्या तंत्रासाठी लिहिलेल्या रचनेला एट्यूड म्हणतात. बेठोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू असलेल्या चेर्नीने असे ढिगाने लिहिले. हॅनन नावाच्या शिक्षकाचे ६० व्यायाम १८७३ चे, ते अजूनही घोटले जातात, आणि त्यांचा उपयोग किती यावरून शिक्षकांमध्ये अजूनही जुंपते. सुरुवातीला हात मोकळा करायला ठीक आहेत, पण हॅनन घोटून रचनाकार शोपँचं संगीत येत नाही हे तितकंच खरं. शोपँचे १२ एट्यूड ओपस १० म्हणून (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) १८३३ मध्ये छापले गेले, आणखी १२ ओपस २५ म्हणून १८३७ मध्ये. पहिला संच त्याने लिस्टला अर्पण केलाय. यातली गंमत अशी की प्रत्येकात एकच अडचण घेऊन ती शेवटपर्यंत पिळलेली आहे आणि तरी ते व्यायाम वाटत नाहीत, मैफलीत वाजतात.

ओपस १० नंबर २ घ्या. उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी ही तीनच बोटं क्रोमॅटिक स्केल (काळी-पांढरी एकही पट्टी न सोडता ओळीने सूर) पळवत राहतात, आणि त्याच हाताचा अंगठा नि तर्जनी खाली छोटे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टिचकी मारल्यासारखे देत जातात. हे का छळतं ते बघायचं असेल तर तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका उचलून बघा, जवळपास उचलतच नाही. बोटं वर उचलणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे अनामिकेला स्वतःचं स्वातंत्र्य कमीच. म्हणून प्रत्येक बोट सुटं सुटं उंच उचलायचा हट्ट धरला की हात आखडतो, मनगट नि कोपर बोटांच्या मागे मागे सरकत राहिले तर तेच वाजतं.

सगळ्यांनी दिलेला सल्ला म्हणजे हळू वाजवा. रचनाकार आणि पियानिस्ट रॅखमानिनॉव्हबद्दलची एक आठवण प्रसिद्ध आहे, पियानिस्ट अब्राम चेसिन्स त्याच्या घरी गेला तेव्हा आतून पियानोचा आवाज येत होता, पण तो इतका सावकाश होता की रचना कुठली हेच चेसिन्सला आधी कळेना, नंतर लक्षात आलं की हा शोपँचा थर्ड्सचा (एक सूर सोडून पुढचा अशा जोड्यांचा) एट्यूड, ओपस २५ नंबर ६. म्हणजे ज्याचं तंत्र जगात गाजलं तो माणूस गोगलगायीच्या गतीने बसला होता. पण हळू वाजवण्यात एक मेख आहे जी फार कमी लोक सांगतात. हळू गतीत हात काहीही चाळे केले तरी खपून जातात, बोट उंच उचललं, प्रत्येक सुरावर मनगट आपटलं, काही बिघडत नाही, आणि मग गती वाढवली की त्या हालचालींना वेळच उरत नाही आणि सगळं कोसळतं. त्यामुळे गती हळू पण हालचाल मात्र फास्टमधलीच, लहान आणि पट्टीला चिकटून, असं करावं लागतं. मेट्रोनोम (टिकटिक करून गती दाखवणारं यंत्र, माल्झेलचं पेटंट १८१५ चं) रोज दोन आकड्यांनी वाढवत न्यायचा हा प्रकारही ठराविक आकड्यापर्यंतच चालतो, पुढे भिंत लागते. तेव्हा उलटं करतात: दोनच सूर पूर्ण गतीत वाजवायचे आणि थांबायचं, मग तीन, मग पाच, मग पुढच्या मात्रेच्या पहिल्या सुरापर्यंत. अडतं ते बहुतेक वेळा या जोडावरच, म्हणजे अंगठा खालून जातो तिथे किंवा हात सरकतो तिथे, आणि अख्खं पान पन्नासदा वाजवणाऱ्याला ते कधीच सापडत नाही.

उड्यांचं गणित वेगळं. लिस्टच्या ‘ला कांपानेला’मध्ये (आज वाजतं ते रूप १८५१ चं) उजवा हात वरच्या सुरावर उडी मारून परत येतो, अंतर पार दोन सप्तकांपर्यंत जातं. यावर जुना उपाय असा की उडी मारायची, बोट पट्टीवर नेऊन ठेवायचं आणि वाजवायचं नाही. बरोबर पट्टीवर आहे याची खात्री झाली की मग दाबायचं. हळूहळू पोचणं नि दाबणं यातलं अंतर कमी होत जातं, आणि गंमत म्हणजे चूक बहुधा नेम चुकल्यामुळे होतच नसते, हात आधीच्या सुरावरून उशिरा सुटल्यामुळे होते.

दोन हातांची लय वेगळी असेल तर बोटांपेक्षा डोकं जास्त दमतं. शोपँच्या ‘फँटसी इम्प्रॉम्प्टू’मध्ये (तो गेल्यावर १८५५ मध्ये छापली गेली) उजव्या हाताचे चार सूर आणि डाव्याचे तीन एकाच वेळात बसवायचे असतात. त्या वेळाचे बारा भाग पाडा: डावा हात १, ५, ९ वर येतो, उजवा १, ४, ७, १० वर. एकत्र पडतो तो फक्त पहिला सूर. आधी मांडीवर थाप देऊन हे आकडे बसवायचे, मग पट्टीवर. मात्र गती आली की मोजणं सोडून द्यावं लागतं, मोजत राहिलं तर कधीच वाहतं होत नाही.

फिंगरिंग म्हणजे कुठल्या सुराला कुठलं बोट हे सुरुवातीलाच पेन्सिलने लिहून ठेवतात आणि मग शक्यतो बदलत नाहीत, कारण हात तेच लक्षात ठेवतो. दुसऱ्याचं फिंगरिंग आपल्या पंजाला चालेलच असं नाही. शोपँ शिष्यांना आधी बी मेजर स्केल द्यायचा, दिसायला अवघड पण त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपोआप पडतात, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा सी मेजर त्याच्या मते उलट कठीण. पियानिस्ट योझेफ हॉफमानचे हात लहान होते, स्टाइनवे या पियानो कंपनीने त्याला जरा अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले होते. रॅखमानिनॉव्हचा १९०९ चा तिसरा कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) त्यालाच अर्पण आहे पण त्याने तो जाहीरपणे कधीच वाजवला नाही. खुद्द रॅखमानिनॉव्हने अमेरिकेला जाताना बोटीवर आवाज न येणाऱ्या कीबोर्डवर त्याची तयारी केली होती.

नोटेशन न बघता, पाठ करून वाजवायची पद्धत पियानिस्ट क्लारा शूमान आणि लिस्ट यांच्यामुळे रुजली. बोटांना पाठ झालं म्हणजे पाठ झालं असं नसतं, स्टेजवर एक सूर घसरला की बोटांची साखळी तुटते आणि मग पुढचं काही आठवत नाही, थेट सुरुवातीला जावं लागतं. म्हणून मधल्या कुठल्याही बारपासून (नोटेशनमधल्या एका आवर्तनाएवढ्या भागापासून) सुरू करून बघतात, किंवा फक्त डावा हात न बघता वाजवून बघतात, तिथे बऱ्याच जणांची भंबेरी उडते. पियानिस्ट गिझेकिंग पियानोला हात न लावता नुसतं वाचून रचना मनात बसवायचा. पियानिस्ट रिख्टरने उतारवयात पाठांतर सोडलं नि अंधाऱ्या हॉलमध्ये छोटा दिवा लावून समोर नोटेशन ठेवून वाजवायला लागला.

तासांचं म्हणाल तर शोपँ दिवसाला तीनपेक्षा जास्त नको म्हणायचा. दुखत असताना रेटणं हा शूरपणा नाही. रचनाकार रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणीच अधू झाला, बोट बळकट करायचं यंत्र त्याने वापरलं होतं, त्याचाच हा परिणाम का यावर आजही मतभेद आहेत. पियानिस्ट लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटं १९६० च्या दशकात आपोआप आत वळायला लागली, हा फोकल डिस्टोनिया, म्हणजे स्नायूंवरचा ताबा सुटण्याचा विकार, आणि १९९० च्या दशकात उपचारांनी हात बराचसा परत येईपर्यंत तो मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत आणि ऑर्केस्ट्रा कंडक्ट करत राहिला. त्या रचनांमध्ये रचनाकार रावेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टोही आहे, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानिस्ट पाउल विटगेनश्टाइनसाठी लिहिलेला. एका हाताचा म्हणून सोपा असेल असं वाटतं, पण पाच बोटांत अख्खा कीबोर्ड सांभाळायचा असतो, खालचा बास करंगळीकडून सुटतो न सुटतो तोच वरची चाल अंगठ्याला गाऊन दाखवावी लागते.