चांदीच्या जुन्या नाण्यांची प्रतवारी

टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर चांदीचे नाणे किती झिजले, खरचटले किंवा बदलले, हे पाहून त्याची प्रत ठरवण्याच्या पद्धतीला प्रतवारी म्हणतात. नाणे दुर्मीळ आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. वारशाने आलेल्या नाण्याबाबत हा भेद सहज निसटतो, कारण ते दीडशे वर्षांचे आहे म्हणजे दुर्मीळच असणार, असे घरात धरून चालले जाते. प्रत्यक्षात लाखोंच्या संख्येने पाडलेली तितकीच जुनी नाणी आजही विपुल सापडतात.

परीक्षण नाण्यावरील सर्वांत उंच भागांपासून सुरू होते, कारण हातोहात फिरताना झीज प्रथम तेथे पोचते. चेहऱ्याच्या चित्रात गालाचा उंचवटा, भुवई आणि कानावरचे केस आधी सपाट होतात, पक्ष्याच्या चित्रात छातीची पिसे. मग अक्षरांचे कोपरे बोथट होतात आणि अखेरीस नाण्याची उंच किनार अक्षरांत मिसळू लागते. झिजेच्या या पायऱ्यांना अंक देण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. त्यांची १ ते ७० अंकांची पट्टी मुळात तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी होती. चांदीला ती नंतर लावली गेली. तीत ४ अंकाला ‘गुड’, १२ ला ‘फाइन’, २० ला ‘व्हेरी फाइन’ आणि ४० ला ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणतात, तर ६० पासून पुढे चलनाची झीज मुळीच नसलेली नाणी येतात. ही नावे नवख्याला हमखास फसवतात, कारण ‘गुड’ म्हटलेल्या नाण्यावर बहुधा चित्राची बाह्यरेषाच तेवढी उरलेली असते.

प्रतवारीतील खरी अडचण झीज ओळखण्याची नसून, झीज नसलेल्या दोषांपासून ती वेगळी करण्याची आहे. ठशाचा दाब कमी पडला तर कोऱ्या नाण्यावरही केसांच्या बटा उमटत नाहीत, आणि असे नाणे झिजलेले भासते. निर्णय अशा वेळी चमकेवरून होतो. ठसा आदळताना धातू मध्याकडून कडेकडे सरकतो व पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे एकाच दिव्याखाली सावकाश तिरपे फिरवले की त्या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. सपाट दिसणाऱ्या उंच भागावरूनही हा प्रकाश न तुटता सरकला तर दोष ठशाचा, आणि तेथे करडा, निस्तेज डाग आला तर ती झीज होय. पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरते.

काळवंडणे हा झिजेचा प्रकार नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो पातळ असताना सोनेरी, जांभळा वा निळसर दिसतो आणि दाट झाला की काळा पडतो. वारसदाराकडून सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. काळे नाणे राखेने, दंतमंजनाने किंवा सोड्याने घासले जाते आणि चमकेच्या मूळ रेषा कायमच्या पुसल्या जाऊन त्यांच्या जागी केसासारखे बारीक, बहुधा एकाच दिशेचे चरे उमटतात. असे नाणे लखलखते, पण ती चमक सर्वत्र एकसारखी व मृत असते. रासायनिक द्रावणात बुडवल्याने चरे पडत नाहीत, मात्र थराबरोबर चांदीचा पृष्ठभागही थोडा विरघळतो. पीसीजीएस (१९८६ पासून कार्यरत) आणि एनजीसी (१९८७ पासून) यांसारख्या प्रतवारी करून नाणे प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या संस्था घासलेल्या नाण्याला साधारणतः अंक देत नाहीत. तपशील किती शिल्लक आहेत एवढेच नोंदवतात. दागिन्यात वापरलेल्या नाण्याच्या कडेवरील डाखाच्या खुणा किंवा बुजवलेले छिद्र यांनाही हाच न्याय लागतो.

प्रत पाहण्याआधी अस्सलपणा तपासावा लागतो, आणि त्यासाठी वजन, व्यास व कडेवरच्या रेघा यांची प्रमाण मापांशी तुलना करतात. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचे प्रमाण वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के चांदी असते. झिजेने वजन थोडे घटते, पण झिजलेले नाणे प्रमाणापेक्षा जड भरले तर संशयाला जागा आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही. तरी केवळ चुंबकावर विसंबता येत नाही, कारण पितळ व शिसेही चिकटत नाहीत. नाण्यावरील सालही दर वेळी खरे वय सांगत नाही: ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा थेलरवर १७८० हे साल कायम ठेवून ते नाणे पुढे विसाव्या शतकातही अनेक टांकसाळींत पाडले गेले, त्यामुळे एखादा थेलर कोरा करकरीत दिसला तर तो अठराव्या शतकापासून जपलेला असण्यापेक्षा बराच उशिरा पाडलेला असण्याची शक्यता अधिक असते.