टाकीतला डेव्हलपर का थकतो? प्लेट प्रोसेसिंगची पार्श्वभूमी

कोऱ्या राहायला हव्या त्या जागी ऑफसेट छपाईची प्लेट, म्हणजे ज्यावरून छापतात तो धातूचा पत्रा, शाई धरू लागली की मशीनवरचा माणूस आधी पाणी वाढवतो, मग शाई कमी करून बघतो आणि शेवटी प्लेटमेकिंग विभागाला हाक मारतो. मूळ दुखणं पुष्कळदा तिथेच असतं, प्रोसेसरच्या, म्हणजे प्लेट धुणाऱ्या यंत्राच्या टाकीत. डेव्हलपर, म्हणजे प्लेटवरचा नको तो थर विरघळवणारं द्रावण, थकलेला असतो. हा प्रश्न प्लेटच्या शोधाबरोबर आलेला नाही, तो मागाहून आला. तो कुठून आला हे कळलं की टाकीची निगा कशी राखायची हेही आपोआप कळतं.

मुंबईत शिळाछाप रुजली तेव्हा डेव्हलपर हा प्रकारच नव्हता. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापलं ते दगडावरून. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्म्याचा छापखानाही दगडावरच चाले. तेलकट शाईने दगडावर चित्र काढायचं, कोऱ्या जागी शाई बसू नये म्हणून दगड ओला करायचा आणि छापायचं. पुढे जस्ताचे व ॲल्युमिनियमचे पत्रे आले. त्यांवर अल्ब्युमिन (अंड्यातला पांढरा बलक) किंवा डिंकात बायक्रोमेट मिसळलेला, प्रकाशाने कडक होणारा थर छापखान्यातच चढवत. हा थर अंधारातही हळूहळू कडक होतो आणि उष्ण, दमट हवेत अधिक वेगाने. त्यामुळे आपल्या पावसाळ्यात असे पत्रे तयार करून ठेवण्यात अर्थ नव्हता. लागेल तेव्हाच थर द्यायचा आणि लगेच वापरायचा.

ही कटकट मिटवली ती कारखान्यातच थर देऊन येणाऱ्या पीएस (प्री-सेन्सिटाइज्ड) प्लेटने. अमेरिकेत थ्रीएम कंपनीने 1951 मध्ये अशी ॲल्युमिनियम प्लेट बाजारात आणली. जर्मनीत कॅले कंपनीत ऑस्कर झ्यूस यांनी प्रकाशाने बदलणाऱ्या डायझो रसायनांवर जे काम केलं, त्यातून पॉझिटिव्ह प्लेट उभी राहिली. तिच्या थराला प्रकाश लागला की तिथे आम्ल तयार होतं आणि तेवढाच भाग अल्कलीत विरघळतो. उरतं ते चित्र. म्हणून डेव्हलपर कडक अल्कलीचा, पीएच 12 च्या वरचा. त्यात सिलिकेट घालतात, कारण नुसती अल्कली ॲल्युमिनियमलाच खाऊ लागते.

प्लेट हाताने धूत तोवर डेव्हलपर ताजा ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. थोडा ओतायचा, स्पंजने फिरवायचा, पाण्याने धुऊन टाकायचा. प्रत्येक प्लेटला नवा डेव्हलपर मिळे. फरक पडायचा तो धुणाऱ्याच्या हाताचा. तो काढायला प्रोसेसर आला: रोलर, ब्रश, ठरलेलं तापमान, ठरलेला वेग. हात एकसारखा झाला, पण आता तोच डेव्हलपर शेकडो प्लेटांना पुरवायचा होता. डेव्हलपरचं म्हातारपण सुरू झालं ते इथून.

तो दोन वाटांनी थकतो. पहिली वाट कामाची. विरघळलेला थर आम्लधर्मी असतो, तो अल्कली खातो. कोरी जागा जास्त असलेली पॉझिटिव्ह प्लेट अधिक थर सोडते, म्हणून पुस्तकाच्या मजकुराचं पान गडद पोस्टरपेक्षा टाकीला महाग पडतं. दुसरी वाट हवेची, आणि नेमकं तिच्याकडे दुर्लक्ष होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीत मुरतो, तिचा कार्बोनेट होतो आणि जोर उतरतो. सोबत सिलिकेटचा गाळ सुटतो, तो रोलरवर आणि फिल्टरमध्ये बसतो. ही झीज मशीन बंद असतानाही चालूच राहते. शनिवारी दुपारी झाकण उघडं टाकून गेलेल्या प्रोसेसरमधला डेव्हलपर सोमवारी एकही प्लेट न धुता उतरलेला असतो.

म्हणून रिप्लेनिशर, म्हणजे डेव्हलपरचा जोर टिकवणारं भरीचं द्रावण, हेही दोन प्रकारे घालतात: धुतलेल्या प्लेटच्या चौरस मीटरवर आणि तासांवर. तासांवरची भर फोटोची फिल्म धुणाऱ्या प्रोसेसरमध्ये आधीपासून होती. तिथला हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर ऑक्सिजनने बिघडे. प्लेटच्या टाकीत शत्रू वेगळा, उपाय मात्र त्याच जातीचा: नेमानं भर, जुन्याला ओव्हरफ्लोची वाट, पृष्ठभागाला हवा लागू नये म्हणून तरंगतं झाकण. बरेच छोटे छापखाने बचतीसाठी तासांवरची भर बंद करतात. माझ्या मते ही सर्वांत महागडी बचत आहे, कारण वाया गेलेल्या एका फोर-कलर सेटची, म्हणजे चार रंगांच्या चार प्लेटांची किंमत त्या रिप्लेनिशरहून जास्त असते.

भर किती घालायची हे ठरवायला काही प्रोसेसरांत डेव्हलपरची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, मोजतात. अल्कली घटली की आकडा घटतो, भर पडली की वाढतो. पण कार्बोनेटही वीज वाहून नेतो. टाकी जुनी होत जाते तसा तो साठतो आणि आकडा ठीक दिसत असताना धुण्याची ताकद कमी झालेली असते. ज्या आकड्याला महिन्याच्या सुरुवातीला प्लेट स्वच्छ निघाली, त्याच आकड्याला शेवटी निघेलच असं नाही. म्हणून मीटर असला तरी कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे धुऊन तपासायची नमुन्याची पट्टी, सोडता येत नाही. डेव्हलपर कमजोर असेल तर थराचा पापुद्रा मागे राहतो. जास्त कडक असेल तर चित्राच्या फिकट छटांचे, दोन-तीन टक्के जागा व्यापणारे बारीक ठिपके झिजतात.

सीटीपीने (कॉम्प्युटर-टू-प्लेट, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट लिहिण्याच्या पद्धतीने) हे गणित आणखी नाजूक केलं. जर्मनीतल्या द्रुपा या छपाई-यंत्रांच्या प्रदर्शनात 1995 मध्ये थर्मल (उष्णतेवर चालणारं) सीटीपी पुढे आलं, 830 नॅनोमीटरच्या लेझरने थेट प्लेटवर लिहिणारं. सुरुवातीच्या पॉझिटिव्ह थर्मल प्लेटांत उष्णतेने थराची बांधणी फक्त सैल होई, आधीसारखं नवं आम्ल तयार होत नसे. त्यामुळे विरघळणारा आणि टिकणारा भाग यांतलं अंतर कमी, आणि डेव्हलपरच्या चुकीला माफी त्याहून कमी. तापमान एक-दोन अंशांनी सरकलं तरी ठिपक्यात दिसतं. मे महिन्यात मुंबईतल्या पत्र्याच्या छताखाली टाकी 24 अंशांवर राखायची तर नुसता हीटर उपयोगाचा नाही, कूलिंग लागतंच.

आणि थकलेला डेव्हलपर जातो कुठे? उद्योगांच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा पीएच 5.5 ते 9 आहे. टाकीतलं द्रावण त्याच्या कितीतरी वर असतं, शिवाय त्यात थरातलं विरघळलेलं रेझिन. ते गटारात ओतणं हा गुन्हाच समजायला हवा. आधी उदासीन करून गाळ वेगळा काढावा लागतो. अल्कलीऐवजी गमनेच (डिंकासारख्या द्रावणाने) धुतल्या जाणाऱ्या आणि न धुता थेट मशीनवर चढणाऱ्या प्लेटा निघाल्या, त्यामागे हेही एक कारण होतं. त्या वापरणाऱ्या छापखान्यात अल्कलीची टाकीच उरत नाही. बाकीच्यांनी टाकी पूर्ण रिकामी करताना रोलर आणि फिल्टरवरचा सिलिकेटचा गाळही काढावा, नाहीतर नव्या डेव्हलपरमध्ये पहिल्या दिवसापासून जुनी घाण फिरत राहते.